‘गाझी’ कशाने बुडाली?

डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणम बंदराच्या तोंडाशी पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी आतल्या ९३ माणसांसह बुडाली. या घटनेवर बेतलेला ‘द गाझी अटॅक’ हा संकल्प रेड्डी यांचा चित्रपट फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलुगू आणि हिंदी भाषांत आला. त्याच्या तेलुगू आवृत्तीला पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. के. के. मेनन, राणा दग्गुबाती आणि आपले अतुल कुलकर्णी यांनी त्यात भारतीय अधिकाऱ्यांच्या भूमिका मन लावून केल्या आहेत. शाळेत दाखवायला हा चित्रपट सोयीचा आहे. त्यात देशभक्ती आहे, थरार आहे आणि आचरटपणा फारसा नाही. चित्रपट पाहून आलेली मुले शिक्षकांना पाणबुडीविषयी प्रश्न विचारणार, हेही ठरलेलेच. म्हणून या चित्रपटाकडे आणि त्यामागच्या मूळ घटनेकडे विज्ञानाच्या चष्म्यातून पाहणे आवश्यक वाटते.

चित्रपटात ‘एस-२१’ नावाची भारतीय पाणबुडी ‘गाझी’चा माग काढते. सुरुंगाच्या स्फोटात ती जायबंदी होते, तिची पुढे-मागे जाण्याची शक्ती नाहीशी होते आणि तरीही ती केवळ वर-खाली होत शत्रूचे पाणतीर (टॉर्पेडो) चुकवते. शेवटी खलाशी राष्ट्रगीत गातात, तो आवाज पाण्यातून ‘गाझी’पर्यंत पोचतो आणि अखेरच्या झुंजीत ‘गाझी’ बुडते. प्रत्यक्षात असे काहीही घडल्याची नोंद नाही. ‘गाझी’ बुडाली त्या काळात तिच्याशी कोणत्याही भारतीय पाणबुडीची गाठ पडली नव्हती. एस-२१ हा क्रमांक ‘करंज’ या भारतीय पाणबुडीचा होता खरा, पण १९७१ च्या युद्धात ती अरबी समुद्रात होती.

कथापटाने कल्पित लिहावे, याला माझी हरकत नाही. हरकत वेगळी आहे. कल्पित रचताना या चित्रपटाने पाणबुडीतले विज्ञान गाळले आणि मूळ घटनेतला अनुत्तरित प्रश्नही गाळला. विज्ञानशिक्षकाच्या दृष्टीने या दोन गोष्टी सर्वांत मौल्यवान होत्या.

आधी ‘गाझी’चा इतिहास पाहू. ती अमेरिकेत पोर्टस्मथच्या नौदल गोदीत बांधली गेली आणि ३१ मार्च १९४५ रोजी ‘डियाब्लो’ या नावाने अमेरिकेच्या नौदलात दाखल झाली. ऑगस्ट १९४५ मध्ये ती पहिल्या युद्धगस्तीवर निघाली, पण ती वाटेत असतानाच जपानने शरणागती पत्करली. पुढची बरीच वर्षे अटलांटिक आणि कॅरिबियन समुद्रात सराव करण्यात गेली. १ जून १९६४ रोजी ती पाकिस्तानला भाडेपट्ट्याने मिळाली. दक्षिण आशियातल्या कोणत्याही देशाची ही पहिलीच पाणबुडी. भारताची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ तीन वर्षांनी, डिसेंबर १९६७ मध्ये, दाखल झाली. १९६५ च्या युद्धात ‘गाझी’ मुंबईच्या आसपास वावरली. भारतीय युद्धनौकेवर पाणतीर डागल्याचा दावा तिच्या वतीने झाला, परंतु आपले एकही जहाज बुडाले नाही. नंतर मोठ्या दुरुस्तीसाठी ती तुर्कस्तानात गेली. १९६७ पासून सुएझ कालवा बंद होता, त्यामुळे तिला आफ्रिकेला वळसा घालून जावे लागले. म्हणजे १९७१ साली ती सव्वीस वर्षांची होती, आणि पाणबुडीच्या मानाने हे वय कमी नाही.

ही डिझेल-इलेक्ट्रिक जातीची पाणबुडी होती. हा शब्द मुलांना पाठ असतो, पण त्याचा अर्थ क्वचितच समजलेला असतो. डिझेल एंजिनाला हवा लागते, त्यामुळे ते खोल पाण्याखाली चालवता येत नाही. ‘गाझी’च्या जातीत चार डिझेल एंजिने जनित्रे फिरवीत. ती वीज मोटारींना मिळे आणि विद्युतघटमालाही तिच्यावरच भारित होई. पाणबुडी पाण्याखाली गेली की एंजिने बंद आणि घटमालांवर गुजराण. अशा दोन घटमाला होत्या, प्रत्येकीत १२६ घट. तत्त्व आपल्या मोटारगाडीतल्या शिसे-आम्ल घटाचेच, फक्त इथल्या एकेका घटाचे वजन सुमारे पाऊण टन. सगळे मिळून १९० टनांच्या आसपास होतात. खलाशांची निजायची खोली, जेवणाची जागा यांच्या फरशीखाली हे घट मांडलेले असत. माणसे अक्षरशः बॅटरीवर झोपत.

एवढ्या घटांवर पाणबुडी किती जाई? दोन नॉट वेगाने, म्हणजे आपल्या रमतगमत चालण्याच्या गतीने, ४८ तास. वेग वाढवून पावणेनऊ नॉट केला की जेमतेम अर्धा तास. हे गणित मुलांकडून अवश्य करून घ्यावे. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग ४.४ पट केला तर शक्ती सुमारे ८४ पट लागेल. ४८ तासांना ८४ ने भागले की अर्ध्या तासाच्या थोडे पुढे उत्तर येते. (पाणबुडीतले दिवे, पंखे वगैरे आपण सोडून दिले, शिवाय घटातून जास्त प्रवाह घेतला की त्याची धारिताही घटते. तरीही उत्तर जवळ येते.) पडद्यावर दोन पाणबुड्या एकमेकींचा पाठलाग करतात, तेव्हा हा अर्धा तास आठवावा. या जातीची पाणबुडी ही खरे तर बुडी मारू शकणारी पृष्ठभागावरची नौका होती. तिच्या कप्तानाच्या डोक्यात सतत एकच हिशेब चाले, तो म्हणजे घटांत किती वीज उरली आणि पुन्हा भारित करायला कधी मिळेल. चित्रपटात हा हिशेब जवळपास नाहीच. थरार तर खरा तिथेच होता.

स्थिर उभ्या पाणबुडीने वर-खाली होत पाणतीर चुकवण्याचा प्रसंगही वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे. चालती पाणबुडी आपली खोली आडव्या सुकाणूंनी राखते आणि त्यांना वाहते पाणी लागते. उभी पाणबुडी केवळ उत्प्लावक बलावर तरंगत असते, आणि हा समतोल अस्थिर असतो. ती थोडी खाली गेली की वाढत्या दाबाने तिचे कवच किंचित आकसते, विस्थापित पाणी कमी होते आणि ती आणखी खाली जाऊ लागते. वर जाताना याच्या उलट होते. प्लॅस्टिकच्या बाटलीत ड्रॉपर सोडून, बाटली दाबून जो ‘पाणबुड्या’ आपण करून दाखवतो, त्यात हेच घडते. ड्रॉपर मध्येच स्थिर ठेवण्याचा प्रयत्न करून पाहावा, म्हणजे पडद्यावरच्या त्या खलाशांनी केवढे अवघड काम लीलया केले ते कळेल.

आणि पाण्याखालच्या दोन पाणबुड्यांची झुंज? एका बुडालेल्या पाणबुडीने दुसऱ्या बुडालेल्या पाणबुडीला मारल्याची नोंद युद्धाच्या इतिहासात एकच आहे. ९ फेब्रुवारी १९४५ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिश ‘व्हेंचरर’ने जर्मन ‘यू-८६४’ बुडवली. कप्तान लाँडर्स यांनी आवाजावरून शत्रूच्या वेगाचा, दिशेचा आणि खोलीचा अंदाज बांधला, हाताने आकडेमोड केली आणि काही सेकंदांच्या अंतराने चार पाणतीर सोडले. तीन चुकले, चौथा लागला. त्रिमितीय भूमितीचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही, आणि त्यात कोणालाही गाणे म्हणावे लागले नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १४ नोव्हेंबर १९७१ रोजी ‘गाझी’ कराचीहून निघाली. श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात जायचे, ‘विक्रान्त’ ही विमानवाहू नौका शोधायची आणि विशाखापट्टणमसमोर सुरुंग पेरायचे, असे काम तिच्यावर होते. पाकिस्तानकडे नव्या फ्रेंच पाणबुड्याही होत्या, आणि त्यांतल्याच ‘हंगोर’ने ९ डिसेंबरला दीवजवळ आपली ‘खुकरी’ बुडवली. पण इतका लांबचा पल्ला त्यांच्या आवाक्यात नव्हता. जुनी ‘गाझी’ मात्र दहा नॉटने अकरा हजार सागरी मैल जाऊ शके, म्हणून तिची निवड झाली. इकडे पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी ‘विक्रान्त’ विशाखापट्टणमलाच असल्याचा आभास निर्माण केला. नौका स्वतः अंदमानात सुरक्षित होती आणि तिचे सोंग ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेने वठवले. शत्रूला हुलकावणी देण्याचा हा बेत यशस्वी झाला, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यापुढच्या काही तासांबद्दल.

भारताच्या अधिकृत कथनानुसार ३ डिसेंबरच्या रात्री ‘राजपूत’ बंदराबाहेर पडत असताना पाण्यावर संशयास्पद खळबळ दिसली, तिने दोन जलबाँब (डेप्थ चार्ज) टाकले, आणि त्यानंतर मध्यरात्रीच्या सुमारास किनाऱ्यावर ऐकू गेलेला प्रचंड स्फोट झाला. पाकिस्तानचे म्हणणे असे की ‘गाझी’ स्वतःच पेरलेल्या सुरुंगावर गेली. तिसरा तर्क भारतीय नौदलाच्याच वर्तुळात मांडला गेला आहे, तो म्हणजे घटमालेतून निघालेल्या हायड्रोजनचा स्फोट. माझे रोजचे काम विद्युतरसायनाशी संबंधित असल्याने हा तर्क मला अधिक जवळून तपासता येतो.

शिसे-आम्ल घट पूर्ण भारित झाल्यावरही प्रवाह चालू ठेवला, तर ती वीज पाण्याचे अपघटन करण्यात खर्च होते. ऋण पट्टीवर हायड्रोजन आणि धन पट्टीवर ऑक्सिजन मिळतो. फॅरडेच्या नियमाने हिशेब केला, तर एका अँपिअर-तासाला एका घटातून, आपल्याकडच्या तापमानाला, सुमारे ०.४५ लिटर हायड्रोजन निघतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण घट २५२ आहेत आणि एकसरीत जोडल्यामुळे तोच प्रवाह प्रत्येक घटातून जातो. १०० अँपिअर प्रवाह तासभर असा वाया गेला, तर ११,००० लिटरांहून अधिक, म्हणजे ११ घनमीटर हायड्रोजन तयार होईल. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की मिश्रण पेट घेऊ शकते. पाणबुडीत ५०० घनमीटर हवा आहे असे उदाहरणापुरते धरले, तर त्यासाठी २० घनमीटर हायड्रोजन, म्हणजे दोन तासही लागणार नाहीत. हायड्रोजन हलका असतो, छताखाली साचतो, म्हणून एखाद्या कोपऱ्यात ही मर्यादा त्याच्या कितीतरी आधी गाठली जाते. म्हणूनच घटमालेवरची हवा पंख्यांनी सतत खेचून घ्यावी लागते आणि हायड्रोजनचे प्रमाण मोजावे लागते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये नॉर्वेच्या उत्तरेला ‘कोचिनो’ ही ‘गाझी’सारख्याच बांधणीची अमेरिकन पाणबुडी घटमालेतल्या स्फोटांनी आणि आगीने गेली. फेब्रुवारी १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत ‘पोमोडॉन’वर घट भारित करताना हायड्रोजनचा स्फोट होऊन पाच जण दगावले. आणि २०१० साली खुद्द विशाखापट्टणमलाच ‘सिंधुरक्षक’वर सदोष झडपेतून निसटलेल्या हायड्रोजनने पेट घेतला आणि एका नौसैनिकाचा मृत्यू झाला.

तरीही हायड्रोजन एवढेच उत्तर पुरत नाही. ‘कोचिनो’ पहिल्या स्फोटानंतर सुमारे पंधरा तास तरंगत होती. तिचे कवच एका दणक्यात फाटले नव्हते. वरचे २० घनमीटर पूर्ण जळाले तरी मिळणारी ऊर्जा सुमारे ४५ किलो टीएनटीएवढी, आणि वायूच्या जळण्यातून होणारा प्रत्यक्ष दणका त्याच्या एका अंशाएवढाच. याउलट एका अमेरिकन मार्क-१४ पाणतीराच्या टोकात २९० किलोच्या घरात स्फोटक भरलेले असे. शहराने ऐकलेला स्फोट हायड्रोजनचा एकट्याचा असणे कठीण आहे. त्याने आग लावली असेल आणि आगीने पुढच्या कक्षातला दारूगोळा उडवला असेल, असे मात्र म्हणता येते.

हीच कसोटी इतर दोन तर्कांनाही लावली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश जलबाँबमध्ये १३० किलोच्या आसपास स्फोटक असे, आणि कवच फोडण्यासाठी तो सहा-सात मीटरांच्या आत फुटावा लागे. म्हणून त्या काळी एका हल्ल्यात दहा-दहा, चौदा-चौदा बाँब टाकत, आणि तरीही बहुतेक पाणबुड्या निसटत. अंधारात अंदाजाने टाकलेल्या दोन बाँबपैकी एक इतका जवळ पडणे अशक्य नाही, पण त्यावर पैज लावावी असेही नाही. स्वतःच्या सुरुंगाचा तर्क मला सर्वांत साधा वाटतो. ती सुरुंग पेरायलाच आली होती, किनाऱ्यावर दिवे मालवलेले होते, म्हणजे आपले नेमके स्थान ठरवणे अवघड होते. पण सुरुंग पेरणाऱ्यावरच उलटू नये म्हणून त्यात विरघळणारी खुंटी असते. ती पाण्यात विरघळेपर्यंत सुरुंग निष्क्रिय राहतो. तेव्हा एकतर ‘गाझी’ बऱ्याच वेळाने त्याच जागी परत आली, किंवा ही योजनाच फसली, असे मानावे लागते.

तिन्ही तर्कांत वादाचा विषय आहे पहिली ठिणगी. तिघांतही प्रत्यक्ष विध्वंस बहुधा ‘गाझी’च्याच पोटातल्या दारूगोळ्याने केला असावा. ‘कोणी बुडवली’ हा प्रश्न विचारला की ही गोष्ट झाकली जाते.

पुराव्याची अवस्था मात्र फार वाईट आहे. घटनेच्या तारखेवरही एकमत नाही. पूर्व विभागातले लष्कराचे तेव्हाचे चीफ ऑफ स्टाफ जे. एफ. आर. जेकब यांनी लिहून ठेवले आहे की मच्छीमारांना ‘गाझी’चे अवशेष सापडल्याचे कृष्णन यांनी त्यांना ३ डिसेंबरच्या सकाळीच फोनवर सांगितले होते. हे खरे असेल तर ‘राजपूत’ निघण्यापूर्वीच, किंबहुना त्या दिवशी संध्याकाळी युद्ध सुरू होण्यापूर्वीच, ‘गाझी’ बुडालेली होती. ‘गाझी’संबंधीची नौदलाची कागदपत्रे नष्ट झाल्याची बातमी २०१० साली वृत्तपत्रांत आली. प्रयोगशाळेत कोणी नोंदवही फाडली तर त्याचा निष्कर्ष आपण मान्य करीत नाही. इथे तर निष्कर्षाचा पुतळा उभा राहिला आणि नोंदवही गेली.

आज असे घडले तर? १५ नोव्हेंबर २०१७ रोजी अर्जेंटिनाची ‘सान हुआन’ ही डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी ४४ जणांसह बेपत्ता झाली. तिच्या शेवटच्या संदेशांत घटमालेत पाणी शिरून आग लागल्याचा उल्लेख होता. अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी महासागरात बसवलेल्या दोन दूरदूरच्या ध्वनिग्राहक केंद्रांनी त्या दिवशीचा आवाज टिपला होता. त्यावरून शोधाची जागा ठरली आणि एका वर्षाने ९०७ मीटर खोलीवर ती सापडली. १९७१ साली बंगालच्या उपसागरात असे कान नव्हते. माणसांचे कान होते आणि त्यांच्या आठवणी होत्या.

चित्रपटाने ही अनिश्चितता कथेत घेतली असती, तर तो कमी रंजक झाला असता असे मला वाटत नाही. बंदराबाहेर अंधारात थांबलेली जुनी पाणबुडी, फरशीखाली घट, पुढच्या कक्षात सुरुंग, आणि वर सोंग घेऊन निघालेली तितकीच जुनी विनाशिका. यात आणखी काय घालायचे? शिक्षकांनी हा चित्रपट जरूर दाखवावा, पण दाखवून झाल्यावर वर्गाचे तीन गट करावेत, एकेका गटाला एकेक तर्क द्यावा आणि दुसऱ्या दोघांच्या तर्कांतल्या उणिवा शोधायला सांगावे. कोणत्या गटाला कोणता तर्क मिळेल, हे चिठ्ठी टाकून ठरवावे, म्हणजे देशाभिमानाचा प्रश्न येणार नाही.

एक पुरावा अजून समुद्राच्या तळाशी आहे. सुरुंग किंवा जलबाँब बाहेर फुटला तर कवचाचा पत्रा आत वळतो. स्फोट आत झाला तर तो बाहेर वळतो. बाहेरच्या स्फोटाने आतला दारूगोळा उडाला तर एकाच कवचावर दोन्ही खुणा सापडतील, आणि कोणती आधीची हे ठरवायला धातुविज्ञानाची मदत घ्यावी लागेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या नौदलाच्या पाणबुडी-बचाव यानाने विशाखापट्टणमजवळ ‘गाझी’चे अवशेष पाहिल्याच्या बातम्या आल्या. आत ९३ जणांची समाधी आहे, म्हणून नौदलाने अवशेषांना हात लावला नाही.